जोड दिसू नये, आणि पुढच्या उन्हाळ्यात उघडूही नये

या वेळच्या बहुतेक पत्रांचा विषय एकच आहे: बाजारातून आणलेलं बॉडी किट मूळ गाडीत असं मिसळायचं की बोट फिरवलं तरी सांधा लागू नये. पत्रांत पुट्टीबद्दल भरपूर विचारलंय, पण किट कशाचं बनलंय हे मोजक्याच वाचकांनी कळवलंय. खरं तर प्रश्न तिथूनच सुरू होतो. पुट्टी जोड धरत नाही, फक्त झाकते. धरायचं काम खालच्या थराचं, आणि तो थर कोणता हे किटच्या मालावर ठरतं.

प्रश्न (पिंपरी): माझ्या हॅचबॅकच्या मागच्या चाकांवर फायबरचे रुंद फ्लेअर (चाकावरची कमान बाहेर वाढवणाऱ्या पट्ट्या) बसवून घेतले. स्क्रू मारले, वरून पुट्टी भरली, रंग मारला. दोन महिने झकास दिसलं. चौथ्या महिन्यात कडेने केसासारखी रेष आली, स्क्रूंच्या जागी टिकल्या उठल्या. पुन्हा पुट्टी भरून चालेल का?

उत्तर: नाही. ती रेष पुट्टीची नाही, खालच्या हालचालीची आहे. फ्लेअर फक्त स्क्रूंवर धरलाय, म्हणून दोन स्क्रूंच्या मधली कड रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्यात थोडी थोडी हलते. पुट्टी ताठ असते, तिला वाकता येत नाही, ती तडकते. तड्यातून पाणी आत जातं, स्क्रूच्या डोक्याला गंज धरतो, गंज फुगतो आणि टिकली वर येते. सगळं उतरवून पुन्हा करणं हाच उपाय.

फ्लेअर सोडवा आणि आधी कोरडाच लावून बघा. या वेळी गाडी जॅकवर नको, चारही चाकांवर सपाट जमिनीवर उभी हवी. जॅकवर बॉडी किंचित पिळते आणि तेव्हा बरोबर बसलेली कड नंतर ताण घेऊन बसते. पत्रा आणि फ्लेअर यांच्यात कुठेही २ मिमीपेक्षा जास्त फट दिसली तर फ्लेअर घासून किंवा हलक्या उष्णतेने वळवून ती कमी करा. फट पुट्टीने बुजवायची नाही. बाहेरून आणलेल्या फायबरच्या किटमध्ये डावं-उजवं सारखं नसणं नेहमीचं आहे, म्हणून प्रत्येक बाजू वेगळी मापा.

जागा पक्की झाली की कडेने पेन्सिलची रेष ओढा. रेषेच्या आतला, म्हणजे फ्लेअरखाली जाणारा सगळा पट्टा आणि रेषेबाहेर आणखी ७५ मिमी एवढा भाग रंग काढून उघड्या पत्र्यापर्यंत न्या. ८० नंबरचा पेपर पुरतो. ग्राइंडरची चकती जोरात चालवू नका. बऱ्याच गाड्यांच्या पत्र्यावर जस्ताचा थर असतो, तो पार उडाला की गंजाला दार उघडं होतं. शिवाय पातळ पत्रा तापून लाटा धरतो आणि त्या लाटा शेवटच्या रंगापर्यंत पिच्छा सोडत नाहीत.

फ्लेअरची आतली बाजू आधी मेण-ग्रीस काढणाऱ्या सॉल्व्हंटने पुसा, मगच घासा. हा क्रम महत्त्वाचा आहे. साच्यातून सुटण्यासाठी लावलेलं मेण वर असतानाच घासलं तर ते ओरखड्यांच्या आत दडपलं जातं आणि तिथे काहीच चिकटत नाही. पुसून झाल्यावर ४० ते ६० नंबरने काचेचे तंतू दिसेपर्यंत घासा. बाहेरच्या बाजूला कडेपासून २५ ते ३० मिमी आत चमकदार जेलकोट (फायबरवरचा गुळगुळीत रेझिनचा थर) काढून टाका आणि कड उतरती करा, टोकाला जवळजवळ कागदाएवढी पातळ. जोड दिसत नाही तो या उतारामुळे. ३ मिमी जाडीची उभी कड ठेवून तिच्यासमोर पुट्टीचा ढीग घातला तर सांधा आज ना उद्या दिसणारच.

चिकटवायला पत्र्यासाठी बनवलेला दोन भागांचा एपॉक्सी पॅनल बाँड घ्या. दोन्ही पृष्ठभागांवर पातळ थर फासा, मग कडेच्या मधोमध चिकट्याची सलग जाड रेघ सोडा. दर १०० ते १२० मिमीवर स्क्रू मारून फ्लेअर जागेवर धरा, पण इतकं आवळू नका की सगळा चिकटा बाहेर येईल. अर्धा मिमी तरी आत राहायला हवा, कोरड्या सांध्यात ताकद नसते. बाहेर आलेला चिकटा ओला असतानाच पुसा. २४ तास गाडी हलवू नका. दुसऱ्या दिवशी सगळे स्क्रू काढा, भोकांची तोंडं रुंद करा आणि तीसुद्धा एपॉक्सीनेच भरा. एकही स्क्रू आत ठेवायचा नाही.

यानंतर सांध्यावर काचकापडाच्या तीन पट्ट्या: ५०, ७५ आणि १०० मिमी रुंदीच्या, एपॉक्सी रेझिनमध्ये भिजवून. कापड विणलेलं, चौरस मीटरला साधारण २०० ग्रॅमचं घ्या. दुकानदार हमखास स्वस्त मॅट, म्हणजे न विणलेल्या सुट्या काचतंतूंचा थर, पुढे करतो. त्या मॅटमधले तंतू ज्या बाइंडरने धरलेले असतात तो पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरीनने विरघळतो. एपॉक्सीत स्टायरीन नसतं, त्यामुळे मॅट नीट भिजत नाही, ताठ राहते आणि खाली हवा अडकते. मग पॉलिएस्टर रेझिनच का वापरू नये? कारण उघड्या पत्र्याला, त्यातही जस्ताच्या पत्र्याला, त्याची पकड कच्ची असते. पत्र्यावर एपॉक्सी, हा नियम मोडू नका.

पावसाळी हवेत एपॉक्सीवर मेणचट थर येतो. तो साध्या पाण्याने आणि भांडी घासायच्या हिरव्या घासणीने धुवा, वाळवा, आणि मगच ८० नंबरने घासा. एपॉक्सी पूर्ण पिकायला दोन दिवस द्या. कच्च्या एपॉक्सीवर पॉलिएस्टर पुट्टी ठेवली तर खालचा थर चिकट राहतो.

पुट्टीची पाळी आता. पहिला थर काचतंतूंच्या पुट्टीचा, वर साधी बारीक पुट्टी. मिळून जाडी ३ मिमीच्या आत. हार्डनर वजनाने २ टक्के, म्हणजे १०० ग्रॅम पुट्टीला २ ग्रॅम. लवकर वाळावी म्हणून दुप्पट हार्डनर टाकायची सवय अनेक ठिकाणी दिसते. जास्तीचा हार्डनर नंतर रंगातून वर झिरपतो आणि पांढऱ्या किंवा चंदेरी गाडीवर पिवळट-गुलाबी डाग उमटतो. तो पॉलिशने जात नाही.

पुट्टी कोरडीच घासा, ८० मग १२० मग १८०, किमान ४० सेंटिमीटर लांब ठोकळ्यावर पेपर लावून, तिरप्या फुलीच्या आकारात. हातात नुसता पेपर धरून घासलं तर बोटांचे खळगे पडतात. पाणी लावून पुट्टी घासायची रीत आपल्याकडे फार जुनी आहे, पण पुट्टी पाणी शोषते. ते पाणी सरफेसरखाली (रंगाआधीच्या, बारीक ओरखडे भरणाऱ्या थराखाली) अडकतं आणि पहिल्या उन्हात फोड येतात. वॉटर पेपर सरफेसरनंतर.

शेवटी उघड्या पत्र्यावर एपॉक्सी प्रायमर, त्यावर टूके (हार्डनर मिसळून वापरायच्या दोन भागांच्या) सरफेसरचे ३ हात, दोन हातांमध्ये १० ते १५ मिनिटं. वर काळ्या रंगाचा विरळ फवारा मारा आणि ४०० नंबरने ठोकळ्यावर घासा. काळं जिथे उरेल तिथे खळगा, जिथे सरफेसर आधी फाटेल तिथे उंचवटा. हे झाल्यावर गाडी दोन आठवडे उन्हात वापरा. जे आकसून खाली बसायचं असेल ते सरफेसरमध्येच बसू द्या, मग ६०० ने पुन्हा घासून रंग मारा. हे दोन आठवडे द्यायला सगळेच कुरकुरतात. नंतर सगळं पुन्हा करायचं नसेल तर ते द्या.

प्रश्न (सांगली): रुंद टायर बसावेत म्हणून मागच्या चाकावरची कमान कापली. आता आत दोन पत्रे सुटे दिसतात आणि पाणी डिक्कीत येतं. फ्लेअर लावल्यावर झाकलं जाईल ना?

उत्तर: झाकलं जाईल, थांबणार नाही. मागच्या कमानीत बाहेरचा पत्रा आणि आतली चाकाची पेटी काठावर स्पॉट वेल्डने जोडलेली असते. ती कड कापली की दोन्ही पत्रे मोकळे होतात, त्या कोपऱ्याची ताकद जाते, आणि चिखल-पाणी मधल्या पोकळीत साचून पत्रा आतून खातं. पुढच्या फेंडरला ही अडचण नसते, कारण तो बोल्टवर बसवलेला सुटा पत्रा आहे.

आतल्या पत्र्याला दर २० ते २५ मिमीवर उभ्या चिरा द्या, म्हणजे जिभा तयार होतील. एकेक जीभ बाहेर वळवून बाहेरच्या पत्र्याला टेकवा आणि सीओटू (तार आणि कार्बन डायऑक्साइड वायूच्या) वेल्डिंगचे टाके द्या. एका जागी सलग वेल्ड ओढू नका. एक टाका इथे, पुढचा विरुद्ध टोकाला, असं केलं तर पत्रा वाकत नाही. गॅस वेल्डिंग तर नकोच. आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा आणि आतलं कापड-फोम काढून ठेवा. ज्या बाजूला पेट्रोलचं तोंड आहे तिथे नळी कमानीच्या अगदी मागून जाते. ती आणि टाकी बाजूला घेतल्याशिवाय ठिणगी पाडू नका. टाके घासून एपॉक्सी प्रायमर, सांध्यावर सीम सीलर (फट बुजवणारा लवचीक लेप), आणि डिक्कीच्या बाजूने पोकळीत मेणाचा फवारा. फ्लेअर त्यानंतर.

कापण्याआधी एक खात्री करायला हवी होती, आणि इतर वाचकांनी ती करावी: स्प्रिंग काढून चाक वर दाबून बघा, ते खरोखर कुठे लागतं. पुष्कळदा आतली कड दुमडूनच काम होतं.

प्रश्न (नागपूर): साइड स्कर्ट (गाडीच्या बाजूला खाली लावायच्या पट्ट्या) दाराखालच्या सिलमध्ये, म्हणजे उंबऱ्याच्या पत्र्यात, मिसळून घेतले. दोन उन्हाळ्यांत दोनदा फाटले. पेंटर म्हणतो माल खराब. खरंच का?

उत्तर: तुमच्या वर्णनावरून स्कर्ट प्लास्टिकचे आहेत. आतल्या बाजूला साच्यात उमटलेली अक्षरं बघा: पीपी (पॉलिप्रॉपिलीन) किंवा एबीएस, यांपैकी त्या प्लास्टिकचं नाव लिहिलेलं असेल. अक्षरं नसतील तर आतून बारीक तुकडा कापून पाण्यात टाका. साधं पीपी तरंगतं, एबीएस बुडतं. फायबर असेल तर मागे तंतू उघडे दिसतात.

आता हिशेब मांडू. चाकांच्या मधला स्कर्ट साधारण १.७५ मीटर लांब. नागपुरात जानेवारीच्या पहाटे पत्रा १० अंशांवर, मे महिन्याच्या दुपारी गडद रंगाची गाडी उन्हात असेल तर सहज ७० अंशांवर. फरक ६० अंशांचा. एवढ्यात पोलादी सिल सव्वा मिमी वाढते. फायबर सुमारे ३ मिमी. पीपी किंवा एबीएस साडेआठ मिमीच्या आसपास. म्हणजे सिल आणि स्कर्ट यांच्यात ७ मिमीची ओढाताण. ही ओढाताण सोसेल अशी पुट्टी नाही, चिकटा नाही आणि रंगही नाही. तुमच्या पेंटरचा माल चांगला असेल, हात चांगला असेल, तरी हे फाटणारच.

प्लास्टिकचा स्कर्ट पत्र्यात मिसळायचा नाही. मधोमध एक पक्का बोल्ट, बाकीची सगळी भोकं लांबट, दोन्ही बाजूंना ५ मिमी मोकळी, वॉशर लावून. वरच्या कडेला काळी रबरी पट्टी. नीट, समांतर, एकसारखी फट वाईट दिसत नाही. कंपनीच्या गाडीत दार आणि फेंडर यांच्यातही ती असतेच. सांधा दिसूच नये असा हट्ट असेल तर फायबरचे स्कर्ट घ्या आणि पहिल्या उत्तरातली रीत वापरा. मात्र जॅक लावायची जागा आणि सिलच्या तळातली पाणी निघायची भोकं बुजवू नका.

प्रश्न (म्हापसा): पुढचा बंपर आणि फेंडर एकसंध करता येतील का?

उत्तर: करू नका. बंपर दबण्यासाठी आणि पटकन बदलता यावा म्हणून सुटा असतो. एकसंध केला तर पार्किंगमधला हलका धक्काही फेंडरपर्यंत तडा नेतो, आणि बऱ्याच गाड्यांत हेडलाइट काढायला बंपर आधी उतरवावा लागतो. बंपरच्या मागे रडार असेल तर त्याच्यासमोरच्या भागावर पुट्टी अजिबात नको आणि जाड धातुई रंगही नको. पार्किंग सेन्सरच्या तोंडावर पुट्टी किंवा सरफेसर चढवू नका.

बंपरला खालची ओठपट्टी मिसळायची असेल तर ते जमतं, दोन्ही पीपी असतील तर. पीपीच्याच कांडीने गरम हवेचं वेल्डिंग आतून-बाहेरून करायचं, वर लवचीक प्लास्टिक पुट्टी, आणि रंगाआधी पीपीसाठीचा अ‍ॅढिजन (रंगाला पकड देणारा) प्रायमर. तो विसरला तर रंग पोपड्यांनी सुटतो.

प्रश्न (रत्नागिरी): फायबरचा नवा स्पॉयलर रंगवला. महिनाभरात बारीक टाचणीएवढी भोकं आणि कापडासारखी नक्षी वर आली. रंगाचा दोष का?

उत्तर: रंगाचा नाही, घाईचा. पॉलिएस्टर रेझिन पिकताना घनफळात ५ ते ८ टक्के आकसतं आणि त्यातलं काही आकसणं साच्यातून निघाल्यानंतरही चालू राहतं. रेझिन बसतं, तंतू बसत नाहीत, म्हणून नक्षी उमटते. काळा रंग सर्वांत जास्त तापतो, म्हणून त्यावर आधी दिसते. नवा भाग रंगवण्यापूर्वी गाडीवरच्याच आकारात टेकू देऊन दोन आठवडे कडक उन्हात ठेवा. टेकू नसला तर तो उन्हात वाकून पिकेल आणि पुन्हा बसणार नाही. कोकणात जून ते सप्टेंबर हे काम हाती न घेतलेलं बरं.

भोकं म्हणजे जेलकोटखाली अडकलेली हवा. वरून प्रायमर मारून ती बुजत नाहीत, फक्त तोंड झाकलं जातं आणि ऊन लागलं की हवा फुगून पुन्हा उघडतात. ८० नंबरने भोकांची तोंडं मोकळी करा, पातळ पॉलिएस्टर पुट्टी पात्याने आडवी-उभी दाबून भरा, मग सरफेसर. ट्यूबमधली बिनहार्डनरची पुट्टी इथे नको, ती महिनोन्‌महिने बसत राहते.

प्रश्न (कोल्हापूर): चारही फ्लेअरना किती सामान लागेल? फ्लेअरच्या मागे आधारासाठी फायबरचे तुकडे घरीच ओतायचे आहेत.

उत्तर: एका कमानीचा सांधा सुमारे १.६ मीटर. पॅनल बाँड एका कमानीला ६५ मिली धरा, म्हणजे चारांना २०० मिलीच्या दोन ट्यूब. विणलेलं कापड दीड चौरस मीटर. त्याला एपॉक्सी कापडाच्या वजनापेक्षा थोडं जास्त, नासाडी धरून चारांना ६०० ग्रॅम, म्हणून १ किलोचा संच घ्या. काचतंतूंची पुट्टी १ किलो, बारीक पुट्टी २ किलो, सरफेसर १ लिटर.

मागचे आधार फायबरलाच लागणार असल्याने तिथे पॉलिएस्टर चालेल. ४५० ग्रॅमच्या मॅटचे तीन थर दिले की साधारण ३ मिमी जाडी मिळते. रेझिन मॅटच्या वजनाच्या दोन ते अडीच पट. १ किलो रेझिनला कोबाल्ट अ‍ॅक्सिलरेटर (पिकण्याचा वेग वाढवणारा) १० मिली आणि कॅटॅलिस्ट (रेझिन पिकवणारा हार्डनर) १० ते १५ मिली. मे महिन्यात कॅटॅलिस्ट १० च ठेवा, नाहीतर डब्यातच गोळा होईल. रेझिनमध्ये कोबाल्ट आधीच घातलेलं आहे का हे दुकानात विचारून घ्या.

आणि हे नीट वाचा: कोबाल्ट आणि कॅटॅलिस्ट एकमेकांत थेट कधीही मिसळू नका. एकाच मापात मोजू नका, एकाच चिंधीने पुसू नका, बाटल्या शेजारी ठेवू नका. दोन्ही थेट भेटले तर भडका किंवा स्फोट होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, रंग एकसारखा झाला की मगच कॅटॅलिस्ट. कॅटॅलिस्टचा एक थेंब डोळ्यात गेला तरी दृष्टी जाऊ शकते: चष्मा लावूनच काम करा, आणि उडालंच तर लगेच किमान १५ मिनिटं वाहत्या पाण्याने डोळा धुवून तडक दवाखाना गाठा. वाफेसाठी सेंद्रिय वायूचे फिल्टर असलेला मास्क हवा. तोंडाला रुमाल बांधून काही होत नाही. उरलेलं मिश्रण खोल डब्यात ठेवू नका, पसरट पत्र्यावर ओता. खोल डब्यात ते इतकं तापतं की धूर निघतो.

प्रश्न (नाशिक): किट बसवल्यावर आरटीओची अडचण येते का?

उत्तर: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितलं. नियमबाह्य बदलासाठी कलम १८२अ खाली दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. ओठपट्टी किंवा स्पॉयलर वेगळा आणि कमान कापून गाडी रुंद करणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात हात घालण्याआधी आरटीओकडे लेखी विचारा, आणि विमा कंपनीलाही लेखी कळवा. कापलेला पत्रा पुन्हा पूर्वीसारखा होत नाही, म्हणून हे कागद ग्राइंडरच्या आधी.